टेन्सवाले सर

बार्शी, फलटण, परभणी, चिपळूण, कुठल्याही गावी एसटीतून उतरा. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर एक फलक दिसतोच : ‘इंग्रजी व्याकरण, हसत-खेळत!’ फलकावर सरांचा कोटातला फोटो. कोट लग्नातला, त्यामुळे फोटोही त्याच दिवसाचा. खाली ठळक अक्षरांत हमी : ‘भीती न गेल्यास फी परत.’ ही फी आजवर कुणी परत मागितलेली नाही, कारण निम्म्या पोरांनी ती दिलेलीच नसते.

आमच्या गावातल्या सरांना सगळे ‘टेन्सवाले सर’ म्हणतात. खरं आडनाव पोस्टमन आणि एलआयसीचा एजंट सोडले तर कुणाला ठाऊक नसावं. वर्ग भरतो घराच्या माडीवर. पोरं जिन्यातून धडधडत वर जातात आणि थोड्या वेळाने खालच्या किराणा दुकानदाराला छतातून घोष ऐकू येतो, ‘कट, कट, कट! पुट, पुट, पुट!’

ही सरांची पहिल्या दिवसाची गंमत. “ज्या क्रियापदाची तिन्ही रूपं सारखी, त्याची कटकट नाही. म्हणून पहिलं पाठ करायचं कट-कट-कट. आणि ते म्हणताना तोंडातल्या तोंडात नाही म्हणायचं, नाहीतर त्याचं पुट-पुट-पुट होतं.” वर्ग हसतो. मग सर आवाज खाली आणून विचारतात, “आता ‘गो’चा भूतकाळ काय?” मागच्या बाकावरचा एखादा जीव हमखास नियमाने चालतो आणि ‘गोड’ म्हणतो. सर या ‘गोड’चीच वाट पाहत असतात. “शाब्बास! नियमाने तुझंच बरोबर. पण साहेबाला गोड चालत नाही, म्हणून त्याने ‘वेंट’ केलं.” चूक केलेल्या पोराला शाब्बासकी देणारा इंग्रजीचा मास्तर त्या पोराने त्याआधी पाहिलेला नसतो.

आर्टिकल शिकवायला सरांना राजकारण लागतं. “आमदार म्हणजे एम.एल.ए. एम हे अक्षर व्यंजन, पण उच्चार ‘ए’ने सुरू होतो, म्हणून ॲन एम.एल.ए. तोच आमदार मंत्री झाला की अ मिनिस्टर. पद मिळालं, शेपूट गळालं!” हे उदाहरण ते दर निवडणुकीत नव्याने सांगतात आणि पोरं दर वेळी कुठल्यातरी ताज्या नावासकट ते घरी नेतात.

पण सरांचा खरा हातखंडा म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस. त्या दिवशी माडीवर तीन खुर्च्या मांडलेल्या असतात. पहिल्या खुर्चीवर गण्या, म्हणजे कर्ता. मधल्या खुर्चीवर एक पोरगं गळ्यात ‘एट’ची पाटी अडकवून. तिसऱ्या खुर्चीवर बशीत खराखुरा वडापाव, हिरव्या मिरचीसकट. वाक्य तयार : गण्या एट वडापाव. सर टाळी वाजवतात, “उठा, जागा बदला!” बशी पहिल्या खुर्चीवर जाते. मधल्याच्या डोक्यावर ‘वॉज’ लिहिलेली कागदी टोपी चढते आणि पाटी उलटून तिच्यावर ‘ईटन’ येतं. गण्या ‘बाय’चा पुठ्ठा छातीशी धरून शेवटच्या खुर्चीवर, पडलेल्या चेहऱ्याने. सर विजयी मुद्रेने वर्गाकडे वळतात, “वडापाव वॉज ईटन बाय गण्या!” आणि बशीकडे पाहतात तर तीत फक्त मिरची. जागा बदलण्याच्या गडबडीत वडापाव खरोखरच ईटन झालेला असतो.

सर चिडत नाहीत. किंबहुना मला संशय आहे की ते बशी मुद्दाम नजरेआड होऊ देतात. “आता सांगा, कुणी खाल्ला? माहीत नाही ना? मग ‘बाय’ काढून टाका.” गण्याच्या हातातला पुठ्ठा जातो आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, “वडापाव वॉज ईटन!” मग सर हळूच जोड देतात, “सरकारी कागद वाचा. ‘आश्वासन देण्यात आले.’ ‘रस्ता खोदण्यात आला.’ कुणी दिलं, कुणी खोदला? ‘बाय’ला तिथे खुर्चीच ठेवत नाहीत.” त्यांच्या हाताखालून गेलेली दोन-तीन पोरं पुढे तहसील कचेरीत लागली. ती हा धडा काटेकोर पाळतात.

अडचण एवढीच की सर माडीवरून उतरले तरी त्यांचं व्याकरण वर राहत नाही. खालून काकू ओरडतात, “अहो, दूध उतू गेलं!” सर जिन्यात थांबून विचारतात, “जातंय की गेलंय? कन्टिन्युअस की परफेक्ट?” काकूंनी सरांच्या संगतीत बरंच व्याकरण पचवलं आहे. “तुम्ही हे विचारलंत तेव्हा कन्टिन्युअस होतं,” त्या फडकं पिळत म्हणतात.

लग्नपत्रिका आली की सर आधी खिशातलं लाल पेन काढतात. ‘मॅरेज’च्या स्पेलिंगमधला आय गळालेला असतोच. तो घातलेली पत्रिका आहेराच्या पाकिटात सारून ते ती वधूपित्याच्या हाती देतात. हॉटेलच्या पाटीवरचं ‘चायनीज’, दवाखान्याबाहेरच्या ‘सायलेन्स’चा उलटा झालेला एस, काही सुटत नाही. कटिंगवाल्याने ‘हेअर’ऐवजी ‘हेर’ उमटेल असं स्पेलिंग रंगवलं, तेव्हा सर त्याला चार महिने समजावत होते. शेवटी त्याने वैतागून मराठी पाटी लावली. तिच्यातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला आहे, पण ते सरांचं खातं नव्हे.

सरांच्या टेबलावर रेन आणि मार्टिनचं जाडजूड व्याकरण असतं, एन. डी. व्ही. प्रसाद राव यांनी सुधारलेलं. पोरं त्याच्या आकाराला घाबरतात. मग सर गोष्ट सांगतात : यातला पी. सी. रेन हिंदुस्थानात शिक्षण खात्यात होता आणि त्यानेच 1924 साली ‘बो जेस्ट’ नावाची वाळवंटातल्या सैनिकांची साहसकथा लिहिली. “तलवारी, बंदुका, किल्ले लिहिणारा माणूस आहे हा. याचं व्याकरण कंटाळवाणं कसं असेल?” पुस्तक उघडल्यावर ते तसं असू शकतं हे पोरांना कळतं. पण तोवर उघडलेलं तरी असतं.

हा सगळा खटाटोप कशापायी, ते सर एकदाच बोलले. त्यांच्या वडिलांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली. सरांच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं आणि त्यांच्या शाळेत त्याची सुरुवात छडीने व्हायची. वर्गातली हुशार पोरं, गणितात पैकीच्या पैकी घेणारी, मॅट्रिकला इंग्रजीत आपटली आणि शेतावर किंवा मुंबईच्या गिरणीत गेली. 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं. “भीतीसुद्धा चार वर्षं आधी आली,” सर म्हणाले, आणि लगेच त्या वाक्याचा टेन्स विचारला.

गंमत अशी की सर स्वतः इंग्रजी बोलत नाहीत. मुंबईच्या विमानतळावर पुतण्याला सोडायला गेले तेव्हा एका गोऱ्या बाईने त्यांना काहीतरी विचारलं. सरांनी मनात वाक्य जुळवलं, काळ तपासला, आर्टिकल लावलं. तोवर बाई विमानात बसल्या होत्या. चूक करायला ते फक्त पोरांना परवानगी देतात, स्वतःला नाही.

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरला सर परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर उभे असतात. पेपर सुटला की हातातून प्रश्नपत्रिका ओढून घेतात आणि एकेकाला पकडतात, “क्वेश्चन टॅग काय लिहिलास?” मराठी माणूस एका ‘ना’वर आयुष्य काढतो, त्याला दर वाक्याला नवं शेपूट शोधायला लावणं हा सरांच्या मते जुलूमच, पण मार्क आहेत. हुशार पोरं मागच्या फाटकाने पळतात.

मागच्या वर्षी मात्र तोच वडापाववाला गण्या आपणहून समोर आला. आधी एकदा इंग्रजीत गेलेला. ‘लोक जगभर इंग्रजी बोलतात’ या अर्थाच्या वाक्याचा पॅसिव्ह करायचा होता. “सर, ‘बाय पीपल’ नाही लिहिलं. कोण बोलतं ते सांगायचं काय? सगळेच बोलतात.” मग जरा थांबून, कुणी न विचारता, त्याने छाती काढून जोडलं, “एक्सेप्ट वी, सर!”

सरांचा हात लाल पेनाकडे गेला. तिथेच थांबला. त्यांनी समोरच्या गाड्यावर दोन वडापाव सांगितले, एक स्वतः खाल्ला आणि ‘वी’बद्दल चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मात्र ते गण्याच्या दारात हजर. “एक्सेप्ट अस,” म्हणाले. “रात्रभर झोप नाही लागली रे.”