हिंजवडीचे खिडकीवाले

हिंजवडीत कॉम्प्युटरला कंटाळलेली माणसं पूर्वी मुळशीकडे फार्महाउस घ्यायची किंवा मॅरेथॉन धावायची. आता ती पडणाऱ्या वाड्यांच्या जुन्या खिडक्या विकत घेऊन त्यांचं लाकूड कोरतात. मी त्यांना खिडकीवाले म्हणतो. (विंडोजचा विनोद सुचला असेल तर गिळा; ऑफिसात सगळ्यांचा करून झालाय.)

वाकडच्या पुलावरच्या ट्रॅफिकचं कारण सांगून एकाही मीटिंगला वेळेवर न पोचलेला हा इसम पुण्याच्या पेठेत वाडा पडतोय म्हटल्यावर सकाळी सहाला तिथे हजर असतो. ठेकेदार सागवानाचा भाव घनफुटावर सांगतो. खिडकीवाला गहिवरून म्हणतो, "या खिडकीतून किती पिढ्यांनी गणपती जाताना पाहिले असतील!" ठेकेदार लगेच भाव वाढवतो.

मग ती चौकट फेज दोनमधल्या टॉवरच्या लिफ्टमध्ये तिरकी घालून बाल्कनीत येते. जुनं सागवान चांगलं मुरलेलं असतं, सहसा वाकत नाही. पण रंगाच्या थराखाली गंजका खिळा दबा धरून बसलेला असतो. पटाशीची धार पहिल्याच ठोक्याला जाते. मोर करायचा असतो, घुबड होतं. शिवाय गज काढलेली भोकं चौकटीला असतातच, त्यामुळे त्याच्या प्रत्येक प्राण्याला गरजेपेक्षा जास्त डोळे असतात. तडा गेला की तो मुद्दाम ठेवलेला असतो.

बोलताना तो दिनकर केळकरांचं नाव हमखास घेतो. केळकरांनी गावोगाव हिंडून असेच जुने दरवाजे-खिडक्या जमवल्या, कोथरूडचा मस्तानी महाल शुक्रवार पेठेतल्या संग्रहालयात आणून उभा केला. फरक एवढाच, की केळकरांनी त्यांच्यावर पटाशी चालवली नाही.

खरी परीक्षा गावातल्या म्हाताऱ्यांची. ग्रामदैवत म्हातोबाच्या जत्रेतल्या बगाडाचं लाकूड बघत वाढलेली ही माणसं. सोसायटीच्या प्रदर्शनात असेच एक आजोबा घुबडापुढे थांबले, हात फिरवला, म्हणाले, "सायेब, चौकट चांगली व्हती की. काय झालं हिला?"

तरी माझं मत खिडकीवाल्याच्याच बाजूने. नाहीतर ते सागवान कुठल्यातरी भट्टीत गेलं असतं. घुबड होऊन का होईना, भिंतीवर आहे. तेव्हा तुमचा वाडा पडणार असेल तर त्याला जरूर कळवा. भाव ठरताना आजी याच खिडकीत बसून तांदूळ निवडायची, एवढं सांगायला विसरू नका. आणि खिळे तेवढे आधी काढून द्या.