आधी माणसं मोजा

लेबनॉन झालं, येमेन झालं, इराण झालं, आता पुढचा नंबर कुणाचा? आखातात ठिणगी पडली की चॅनेलवाले हा प्रश्न क्रिकेटच्या फलंदाजीचा क्रम विचारावा तसा विचारतात. मागे मोठा नकाशा, त्यावर सरकणारे लाल बाण. युद्ध आणखी एका देशात न्यावं की नेऊ नये यावर तासभर हमरीतुमरी होते. तेल किती महागेल, सेन्सेक्स किती पडेल, भारताने कुणाच्या बाजूने उभं राहावं, सगळं निघतं. निघत नाही ती फक्त एक गोष्ट: तो बाण जिथे टेकलाय तिथे आमच्या भागातला माणूस सळ्या बांधतोय.

तेलंगणात गरिबाच्या तीन वाटा सांगतात: बोग्गुबाई, बोंबाई, दुबई. बोग्गुबाई म्हणजे कोळशाची खाण. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याने तिन्ही वाटा तुडवल्या. बेल्लमपल्ली-मंदमर्रीची माणसं सिंगरेणीच्या खाणीत उतरली, कुणी मुंबई गाठली, आणि निर्मल, खानापूर, मुधोळकडची पोरं विमानात बसली. ऑक्टोबर २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार तुकडे झाले, निर्मल वेगळा जिल्हा झाला. आखाताची वाट काही तुटली नाही.

२३ जून २०२५ च्या रात्री इराणने कतारमधल्या अल-उदेद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं डागली. आदल्याच दिवशी अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले होते. कतारने आकाश बंद केलं; कुवेत, बहारीन, अमिरातीनेही काही तास तेच केलं. जीवितहानी झाली नाही. विश्लेषकांनी लगेच निकाल दिला: हल्ला प्रतीकात्मक होता.

निर्मलकडच्या वस्तीवर अशी रात्र कशी जाते, ते त्यांनी येऊन बघावं. बाई विड्या वळत बसलेली असते. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. पान वळायचं, टोक नखाने दुमडायचं, दोरा आवळायचा, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचे. बाजूला भिंतीला टेकवलेला मोबाईल, त्यावर व्हिडिओ कॉलचं ‘इमो’ ॲप. नवरा रोज जेवण झालं की त्यावरच दिसतो, मागे दुमजली लोखंडी खाटा, खाटेला लटकलेले कपडे. त्या रात्री रिंग जाते आणि कुणी उचलत नाही. हात मात्र थांबवता येत नाहीत, कारण सकाळी कारखान्यात विड्या मोजून द्यायच्या असतात. एजंटाचं कर्ज अजून फिटलेलं नसतं. ‘प्रतीकात्मक’ हा शब्द त्या घरात नेऊन कुणी उच्चारून दाखवावा.

पुढे ९ सप्टेंबरला इस्रायलने थेट दोह्यात हल्ला केला. म्हणजे एका वर्षात दोन वेगवेगळ्या देशांनी कतारवर मारा केला. त्या एवढ्याशा देशात आठ लाखांच्या आसपास भारतीय राहतात. भारताने निषेध केला, पंतप्रधान अमीरांशी बोलले. ठीकच झालं. पण त्या आठ लाखांत आदिलाबादचे किती, निर्मलचे किती, कोणत्या कॅम्पात, कुणाकडे कामाला, हे कोणता अधिकारी कागद काढून सांगू शकेल?

युद्धाच्या फैलावावर या देशात दमदार वाद झालेले आहेत. जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धाच्या वेळी, चंद्रशेखर सरकारने अमेरिकेच्या लष्करी विमानांना आपल्या विमानतळांवर, मुंबईतसुद्धा, इंधन भरू दिलं. गदारोळ उठला, राजीव गांधींच्या काँग्रेसने विरोध केला आणि फेब्रुवारीत ती सोय बंद झाली. २००३ मध्ये अमेरिकेला इराकसाठी आपले सतरा हजारांच्या आसपास जवान हवे होते. महिनोन् महिने चर्चा झाली. १४ जुलैला वाजपेयींच्या मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीने, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही म्हणून, नकार दिला. तो निर्णय बरोबर होता असं मी आजही ठामपणे म्हणेन.

पण पुढचं वर्ष बघा. जुलै २००४ मध्ये इराकमध्ये तीन भारतीय ट्रकचालकांचं अपहरण झालं. ते कुवेतमधल्या कंपनीचे नोकर होते. जवान गेले नाहीत, मजूर गेले! जवानांसाठी मंत्रिमंडळ बसलं होतं. ड्रायव्हरसाठी एका मुकादमाचा हुकूम पुरला. ते सुटून आले.

आपल्याला माणसं आणता येतात, यात शंका नाही. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामने कुवेत गिळलं तेव्हा अम्मानमार्गे सुमारे १,७०,००० भारतीय परत आणले गेले. २०१५ मध्ये येमेनमधूनही आणले. त्या वैमानिकांना, दूतावासातल्या त्या माणसांना सलाम. मात्र आणायचं कुणाला हे त्याच वेळी, जीव मुठीत धरलेल्या गर्दीत उभं राहून ठरवावं लागतं. अडचण तिथे आहे.

कारण यादीच अर्धवट आहे. दहावी न झालेल्या मजुराने रीतसर जायचं तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंद होऊन मंजुरी लागते. एजंट त्याला व्हिजिट व्हिसावर बसवतो, नोंद गायब. ‘आझाद व्हिसा’ घेतलेल्याच्या कागदावर एक मालक आणि काम भलत्याकडे. दूतावासाने शोधायचं कुठे? मालकाच्या जाचाला कंटाळून पळालेला तर ‘खल्लीवल्ली’. तो कुठल्याच कागदावर नाही, पोलिसाला बघून गल्ली बदलणारा. भोंगा वाजला की बसमध्ये बसवायला नाव लागतं, पासपोर्ट लागतो. याचा पासपोर्ट जुन्या मालकाच्या कपाटात.

तेलंगण सरकार २०२४ पासून आखातात मरण पावलेल्या कामगाराच्या घरच्यांना पाच लाख रुपये देतं. चांगलं केलं, फार आधी करायला हवं होतं. पण याचा अर्थ असा की शमशाबादच्या विमानतळावर पेटी उतरल्यावर तो माणूस सरकारच्या हिशेबात येतो. जिवंतपणी यायला काय हरकत आहे? केरळने अनिवासी केरळीयांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र खातं उघडलं, त्यांना ओळखपत्रं दिली. आपल्याला कुणी अडवलंय?

युद्ध एकाही नव्या देशात जाऊ नये, हे माझं मत आहे आणि त्यात पण-परंतु नाही. ते माझ्या मताने थांबणार नाही, हेही दिसतं आहे. दोह्यातले, तेहरानमधले, तेल अवीवमधले निर्णय आदिलाबादला विचारून होत नाहीत. जे आपल्या हातात आहे तेवढं तरी व्हावं. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद होते, मृत्यूची होते. तिथेच परदेशी गेलेल्यांची वही ठेवा: नाव, देश, कोणत्या व्हिसावर, प्रत्यक्ष काम कुठे, फोन, एजंट कोण. खल्लीवल्ली असेल तर तसं लिहा, त्याच्यावर कारवाई होणार नाही असं लेखी द्या, नाहीतर घरचे सांगणार नाहीत. दर सहा महिन्यांनी वही जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून परराष्ट्र खात्याकडे जाऊ द्या. विषय येत्या ग्रामसभेत मांडायला कुणाची परवानगी लागत नाही.