घरच्या घरी बिटकॉइनचं दळण

घरात बिटकॉइनची खाण सुरू करायची असेल, तर आधी घरच्यांना काय सांगायचं ते ठरवून घ्यावं. मी 'कॉम्प्युटरचं काहीतरी आहे' असं सांगितलं होतं. हे उत्तर पहिलं वीजबिल येईपर्यंत टिकतं. पुढचं मार्गदर्शन त्यानंतरच्या काळात सुचलेलं आहे.

डोंबिवलीच्या वन बीएचकेत 2021 च्या दिवाळीपासून पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत मी हा गृहोद्योग केला. त्यामुळे अधिकारवाणीने बोलतो.

खाण म्हटल्यावर कुदळ-फावडं, चंद्रपूरचा कोळसा असलं काही डोळ्यांपुढे आणू नये. ज्यांच्या आळीत एक तरी काका मटक्याचा आकडा लावत होते, त्यांना ही विद्या पाच मिनिटांत कळते. मटक्याचा आकडा ओपन आणि क्लोज असा दोनदा फुटायचा, बिटकॉइनचा साधारण दर दहा मिनिटांनी फुटतो. जगभरातल्या व्यवहारांचा एक गठ्ठा बांधायचा, त्याला एक आकडा जोडायचा आणि ते सगळं एसएचए-256 नावाच्या चरकातून काढायचं. बाहेर पडणारी संख्या ठरलेल्या मर्यादेच्या खाली आली की आकडा लागला. नाही आली, तर दुसरा आकडा घ्यायचा, मग तिसरा. यात अक्कल लागत नाही, वीज लागते.

ज्याचा आकडा लागतो त्याला बिदागी मिळते. 2009 मध्ये ती पन्नास नाणी होती. साधारण दर चार वर्षांनी ती निम्मी होते, आणि एप्रिल 2024 पासून 3.125 वर आली आहे. शिवाय खेळणारे वाढले की दर 2016 गठ्ठ्यांनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, आकडा लागणं आपोआप अवघड केलं जातं. गिऱ्हाइकं वाढली म्हणून डाव कठीण करणारा बुकी आमच्या आळीत टिकला नसता.

हे सगळं काढणारा सातोशी नाकामोतो कोण, हे आजवर कळलेलं नाही. 2008 मध्ये नऊ पानांचा निबंध लिहून, पुढची दोन-अडीच वर्षं काम पाहून तो गायब झाला. धंद्याचा मालक गायब होणं आपल्याकडच्या गुंतवणूकदाराला नवं नाही. पण आपल्याकडचा मालक पैसे घेऊन जातो. याची समजली जाणारी नाणी जिथल्या तिथे पडून आहेत, हे मात्र नवं आहे.

आता यंत्र. सुरुवातीला साध्या कॉम्प्युटरवर काम व्हायचं, मग गेम खेळणाऱ्यांची ग्राफिक्स कार्डं आली, आणि 2013 पासून फक्त हेच एक काम करणारी यंत्रं आली. माझ्या भाच्याने कार्डांचा मार्ग धरला होता. फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलचा सांगाडा करून घेतला, त्यावर दुप्पट भावाने घेतलेली सहा कार्डं टांगली, आणि बिटकॉइनऐवजी इथेरियम काढायला लागला. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमने खाणकामाची पद्धतच बंद केली. त्या दिवसापासून त्याची सहा कार्डं 'फक्त गेमिंगसाठी, हलक्या हाताने वापरलेली' या मजकुराखाली विक्रीला आहेत. सांगाड्यावर त्याच्या आईने तुळस, कोरफड आणि ओव्याची कुंडी ठेवली आहे. सांगाडा मजबूत आहे, यात वाद नाही.

मी अँटमायनर एस-9 घेतलं, लॅमिंग्टन रोडच्या एका गाळ्यातून, पस्तीस हजारांना. हे यंत्र 2016 चं, म्हणजे माझ्याकडे आलं तेव्हा पाच वर्षं राबलेलं. बैल घेताना दात बघतात. इथे आतल्या तीन पाट्या बघायच्या आणि तिन्ही चालू आहेत ना, हे समोर लावून बघायचं. मी बघितलं, चालू होत्या. वॉरंटी विचारली तेव्हा गाळेवाल्याने आधी माझ्याकडे आणि मग त्याच्या पोऱ्याकडे पाहिलं. त्यानंतर पोऱ्या मला चहा आणायला गेला.

यंत्र बुटाच्या खोक्यापेक्षा जरा मोठं असतं. एका टोकाचा पंखा हवा ओढतो, दुसऱ्या टोकाचा फेकतो. या दोहोंतला फरक शेवटी महत्त्वाचा ठरतो, म्हणून लक्षात ठेवावा.

जागा निवडताना आवाजाचा विचार करावा. माझ्या यंत्राच्या आवाजात टीव्ही ऐकू येत नसे, आणि हा आवाज पंख्यासारखा 'एकवर ठेव' म्हणून कमी होत नाही. तिसऱ्या दिवशी समोरच्या काकूंनी बेल वाजवली. हातात स्टीलचा डबा.

"ज्वारी दळून देता का? दोनच किलो आहे."

मी म्हटलं, "काकू, ही गिरणी नाही."

"राहू दे, सोसायटीत सांगत नाही मी कुणाला. खालचा मेला फार जाड दळतो हो."

काकूंनी शब्द पाळला, पण आवाजाने पाळला नाही. पंधरा दिवसांनी सेक्रेटरींची नोटीस आली: निवासी सदनिकेत व्यावसायिक पिठाची गिरणी चालवल्याबद्दल. उत्तरादाखल मी बिटकॉइन म्हणजे काय ते दीड पान लिहून दिलं. वार्षिक सभेत ते मोठ्याने वाचून दाखवण्यात आलं आणि शेवटी 'गिरणी' हाच शब्द कायम ठेवावा असं ठरलं. यावरून शिकावं ते हे की नोटिशीला उत्तर लिहू नये, यंत्र ड्राय बाल्कनीत हलवावं. मी हलवलं. तिथल्या उबेने पहिल्याच आठवड्यात सगळ्या विंगची कबुतरं गोळा केली.

वायरिंगच्या बाबतीत हलगर्जीपणा नको. एस-9 सुमारे तेराशे वॉट खातं, म्हणजे जवळपास सहा अँपिअर, तेही अखंड. मी ते मोबाइल चार्जर लावतो त्या छोट्या सॉकेटला जोडलं. दुसऱ्या रात्री जळक्या बॅकेलाइटचा वास आला, आणि पिन काढायला गेलो तर सॉकेटच भिंतीतून तिच्याबरोबर बाहेर आलं. वायरमनने ते हातात फिरवून पाहिलं. "गीझर चोवीस तास चालू असतो का साहेब? कोण एवढं अंघोळ करतं?" त्यानंतर एसीसाठी घालतात तशी जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि मोठं सॉकेट घातलं. हा खर्च यंत्राच्या किमतीत धरावा. बायकोचं त्या आठवड्यातलं मौन कशात धरायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग बिल आलं. आमचं एरवीचं बिल बावीसशेच्या आसपास असतं. यंत्राने महिन्याला साडेनऊशेहून जास्त युनिटं खाल्ली, बिल सोळा हजारांवर गेलं. त्या महिन्यात बिटकॉइनचा भाव तोवरच्या शिखरावर, एकोणसत्तर हजार डॉलरच्या घरात जाऊन आला होता. इतक्या शुभ काळात माझी मिळकत साडेनऊ हजार झाली. पुढच्या नोव्हेंबरात भाव सोळा हजार डॉलरच्याही खाली उतरला, तेव्हा दोन हजारही नाही. मधल्या जुलैत दमट हवेने एक पाटी गेली. पण त्यामुळे वीज कमी लागायला लागली, म्हणून तो महिना मी नफ्याचा धरतो.

इथे वाचक म्हणेल, तुमचं यंत्र जुनं होतं. खरं आहे. मग एस-19 घ्या. पंचाण्णव टेराहॅश, म्हणजे सेकंदाला पंचाण्णव लाख कोटी आकडे लावतं. खातं सव्वातीन हजार वॉट, दिवसाला 78 युनिटं, महिन्याला 2,340. घरगुती दरात पाचशे युनिटांच्या पुढे युनिट पंधरा रुपयांना धरलं (प्रत्यक्षात जास्तच पडतं), तर पस्तीस हजार शंभर रुपये. शिवाय ही सगळी वीज अखेर उष्णता होऊन खोलीत साठते. ती बाहेर काढायला एक टनाचा एसी जवळपास पूर्णवेळ लागतो, आणि त्याचं बिल वेगळं. बाजू जमेची पाहू. 2025 मध्ये जगभरच्या यंत्रांची एकत्र ताकद एक झेटाहॅशच्या घरात गेली. त्या मानाने तुमचं यंत्र सुमारे एक कोटी पाच लाखांत एक. रोज साडेचारशे नवी नाणी निघतात. भाव ऐंशी लाख रुपये धरला तर तुमच्या वाट्याला महिन्याला दहा हजारांच्या आसपास. एका हाताने पस्तीस हजार देऊन दुसऱ्या हाताने दहा हजार घेण्याचा हा व्यवहार आहे. बिटकॉइन हवंच असेल, तर ते बाजारात एक तृतीयांश किमतीत आणि बिनआवाजाचं मिळतं.

काहीजण सौर पॅनलचा मुद्दा काढतात. तीन किलोवॉटचं पॅनल दिवसाला बारा युनिटं देतं. उरलेली सहासष्ट युनिटं कुठून आणायची, हे मुद्दा काढणाऱ्याला विचारावं. तो विषय बदलतो.

मग हे जमतं कुणाला? वीज जिथे जवळजवळ फुकट आहे, त्यांना. दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, तसे चिनी खाणवाले पावसाळ्यात यंत्रं ट्रकमध्ये घालून सिचुआनला जायचे, कारण तिथल्या धरणांची वीज त्या दिवसांत मातीमोल असायची. 2021 मध्ये चीनने बंदी घातली, तसे ते कझाकस्तान, टेक्सास असे पांगले. भूतानचं सरकार आपल्या जलविद्युतेवर स्वतःच बिटकॉइन काढतं. डोंबिवलीत दिवाळीनंतर आपण यंत्र फार तर हॉलमधून बाल्कनीत नेऊ शकतो.

एकट्याने खेळावं की पूलमध्ये, हा प्रश्न भावनेचा आहे. पूल म्हणजे भिशी: सगळ्यांनी मिळून आकडे लावायचे आणि लागेल ते ज्याच्या त्याच्या यंत्राच्या मापाने वाटून घ्यायचं. एकट्याने खेळलात तर पूर्ण 3.125 नाणी तुमची, पण वरच्या हिशेबाने सरासरी दोनशे वर्षांतून एकदा. म्हणजे 1817 मध्ये शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला, त्या दिवशी कुणी पुणेकराने एस-19 चालू केलं असतं, तर आतापर्यंत एखादा आकडा लागून गेला असता. आज सुरू करणाऱ्याला तेवढीही आशा नाही. 2140 च्या सुमारास नवी नाणी निघणंच संपतं.

कराचा भाग थोडक्यात सांगतो, कारण माझ्या सीएनेही तो थोडक्यातच सांगितला. 1 एप्रिल 2022 पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर तीस टक्के कर आणि वर चार टक्के उपकर आहे. तोटा दुसऱ्या कशातून वजा होत नाही. खरेदीची किंमत वजा होते. पण खाणीच्या यंत्रांचा खर्च म्हणजे खरेदीची किंमत नव्हे, असं सरकारने त्याच मार्चमध्ये संसदेत सांगितलं. तेव्हा महिन्याला पंचवीस हजार खिशातून घालून काढलेली दहा हजारांची नाणी विकलीत, तर त्यावर 3,120 रुपये भरायचे. मी विचारलं, तोट्यावर कर? सीएंनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "तोटा तुमचा खाजगी आहे."

यंत्र न घेताही दळण मिळतं, असं सांगणारे भेटतील. 'क्लाउड मायनिंग' म्हणतात त्याला: यंत्रं आमची, जागा आमची, तुम्ही फक्त पैसे द्या. अमित भारद्वाजच्या गेनबिटकॉइनने दरमहा दहा टक्के, अठरा महिने, असं आश्वासन दिल्याचा आरोप आहे. पुणे पोलिसांनी त्याला 2018 मध्ये अटक केली, 2022 मध्ये तो वारला. त्याच वर्षी, तपासाला मदत करायला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना पुणे पोलिसांनीच अटक केली. तपासातली नाणी परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. एवढ्या कथेनंतरही कुणी दहा टक्के सांगत आलं, तर त्याला चहा द्यावा, यंत्राचा आवाज ऐकवावा आणि वाटेला लावावं.

शेवटी तिजोरी. तुमच्या नाण्यांची किल्ली म्हणजे बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द. ते कागदावर लिहून जपून ठेवायचे असतात. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांच्या हार्ड डिस्कवर आठ हजार नाण्यांची किल्ली होती. 2013 मध्ये ती कचऱ्यात गेली. कचरा डेपो खणू द्या म्हणून ते कोर्टात गेले, जानेवारी 2025 मध्ये दावा फेटाळला गेला. मी जास्त शहाणा होतो. माझा कागद मी डाळीच्या डब्याच्या तळाशी ठेवला. आईने डबा घासायला काढला, कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. "पोराचे स्पेलिंगचे शब्द दिसतात. 'बनाना'ला एक टिंब जास्त दिलंय." ते टिंब तेलाचं होतं.

मागच्या जूनमध्ये भंगारवाल्याला बोलावलं. त्याने यंत्र हातात तोललं, आतल्या पट्ट्यांवर नख मारून पाहिलं, म्हणाला, "ऍल्युमिनियम चांगलंय, पंख्यांचं काही नाही येणार." भाव ठरत आला होता, तेवढ्यात आई आतून आली. "ते देऊ नको रे. परवा लावलं होतंस तेव्हा पोराचा युनिफॉर्म किती झटकन वाळला."

तेव्हापासून पावसाळ्यात यंत्र रोज तासभर चालतं. पाट्या दोनच आहेत, पण ऊब पुरते. शर्टाला वीस मिनिटं लागतात, जीन्सला पाऊण तास. हवा फेकणाऱ्या पंख्याच्या बाजूला, हातभर अंतरावर कपडे टांगावेत. मोजे ओढणाऱ्या बाजूला टांगू नयेत. आमचे दोन गेले. शनिवारी समोरच्या काकू त्यांचा टॉवेल आणतात.