आज रातच्याले लाइव्ह करा

वाशीम जिल्ह्याला हंगाम दोनच ठाऊक होते, खरीप आणि रब्बी. २०२५ साली तिसरा आला, वेबसाइटचा. जानेवारीत मुख्यमंत्र्यांनी सरकारी कार्यालयांना शंभर दिवसांचा कार्यक्रम दिला, त्यात संकेतस्थळ सुधारा हे एक कलम. ते उरकतंय तोच दीडशे दिवसांचा आला, मुदत २ ऑक्टोबर. त्याच्या आतच, १७ सप्टेंबरला, मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं. राज्यात पहिल्या येणाऱ्या ग्रामपंचायतीला पाच कोटी, आणि गुणांच्या तक्त्यात वेबसाइट. मग काय! काल लग्नपत्रिका छापणारे आज वेब डेव्हलपर. वाशीमच्या पाटणी चौकात फ्लेक्सच्या दरपत्रकाशेजारी डोमेन-होस्टिंगचंही लागलं असतं तर नवल नव्हतं.

गावाकडून येणारा फोन ठरलेला : “भाऊ, उद्या तपासणीवाले येऊन रायले. आज रातच्याले लाइव्ह करून देजा. मंग काय टाकाचं थे टाकू.”

सगळं शास्त्र या शेवटच्या वाक्यात आहे. नवरीचा पत्ता नाही, पण मांडव पडला पाहिजे.

मजकूर येतो कसा, तेही बघा. मागितलेला असतो ग्रामसभेचा ठराव, येतो सत्काराचा फोटो. फोटो उभा, साइटवरची पट्टी आडवी. लावल्यावर सरपंचांचं डोकं कापलं जातं आणि हार तेवढा शिल्लक राहतो. तो दुरुस्त करण्यात एक तास. मग गावाचा इतिहास येतो, तो छापखान्याच्या जुन्या फॉन्टमध्ये. हा मजकूर युनिकोड नसतो, साइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. कन्व्हर्टरमधून काढावा तर रफार एका अक्षरावरून उडी मारून दुसऱ्यावर बसतो. रात्रीचे साडेबारा झालेले, कोण तपासणार? शेवटी कागदाचा मोबाइलवर फोटो काढायचा, त्याची पीडीएफ करायची आणि ‘माहितीचा अधिकार’ या पानावर लटकवायची. त्यात शोधता काही येत नाही, वाचताही बेतानंच येतं. पण बटण दाबलं की काहीतरी उघडतं, आणि तपासणीवाल्यांना तेवढं पुरतं.

त्याहून झटपट उपाय म्हणजे तयार साइट उचलून नाव बदलणं. नाव तीन ठिकाणी बदललं जातं, चौथ्या ठिकाणी राहून जातं. उद्या मानोरा तालुक्यातल्या एखाद्या गावाच्या ‘पर्यटन’ पानावर नारळाच्या बागा आणि समुद्रकिनारा दिसला, तर पाटबंधारे खात्याला दोष देऊ नका.

सगळे म्हणतात, मुदत कमी होती. मला हे पटत नाही. मुदतीतले बहुतेक दिवस कुणाचा फोटो वर आणि कुणाचा खाली, यात जातात. त्यात जिल्ह्याचे पालकमंत्री बदलले, हसन मुश्रीफ गेले, दत्तात्रय भरणे आले. म्हणजे बॅनर पुन्हा. कामाला उरते ती शेवटची रात्र, आणि तिला आपण ‘टाइट डेडलाइन’ म्हणतो.

मोठ्यांचंही वेगळं नाही. अमेरिकन सरकारची आरोग्य विम्याची साइट १ ऑक्टोबर २०१३ला सुरू झाली. तारीख पक्की होती, पण सगळी यंत्रणा एकत्र तपासायला राहिले होते जेमतेम दोन आठवडे. पहिल्या दिवशी लाखो लोक आले, नोंदणी झाली सहा जणांची. आपल्याकडे २०१७ची शेतकरी कर्जमाफी आठवा. जुलैत ऑनलाइन अर्ज सुरू झाले. सेवा केंद्रांवर नवरा-बायको रांगेत, सर्व्हर डाउन, राबून झिजलेले अंगठे यंत्राला पटत नव्हते. दिवाळीच्या मुहूर्तावर १८ ऑक्टोबरला प्रमाणपत्रं वाटून झाली आणि मग कळलं की बँकांच्या माहितीत घोळ आहे, याद्या पुन्हा तपासा. मुहूर्त तेवढा पाळला गेला.

पण खरी गंमत लाइव्ह झाल्यावर सुरू होते. डोमेन घेतलेलं असतं बनवणाऱ्या पोराच्या जीमेलवर. पोरगा पुण्याला नोकरीला जातो. ओटीपी त्याच्या नंबरवर, पासवर्ड त्याच्या डोक्यात. ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली होते, संगणक परिचालक मानधनाची वाट बघत बसतो. वर्षानं नूतनीकरणाची मेल येते ती कुणीच उघडत नाही. सोडलेलं नाव बाजारात कुणीही विकत घेऊ शकतं. गावाच्या नावावर रमीचा अड्डा उघडला, तर ग्रामसभेनं ठराव कुणाविरुद्ध घ्यायचा?

तेव्हा सरपंचसाहेब, बिल देण्याआधी डोमेन ग्रामपंचायतीच्या नावावर करून घ्या. चाळीस पानं नकोत, चार पुरे : दाखला कोण देतो, किती दिवसांत, किती पैशांत आणि फोन कुणाला करायचा. आणि उद्घाटनाची फीत कापायच्या आधी गावातल्या एखाद्या आजीच्या नातवाला त्याच्या तडा गेलेल्या मोबाइलवर, शेतात जाऊन, ती साइट उघडायला सांगा. तपासणीवाल्यांपेक्षा तो खरं बोलेल.

राहता राहिला मुदतीचा प्रश्न. कार्यालयाची रचना, अधिकाऱ्यांची कामं, खर्च, लाभार्थी अशी सगळी माहिती आपणहून प्रसिद्ध करा आणि दरवर्षी अद्ययावत करा, हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्येच लिहिलेलं आहे. त्यासाठी दिले होते १२० दिवस. ते ऑक्टोबर २००५ मध्ये संपले.