दोरीवरची खानेसुमारी

“काय वं, ते टॅबवाली पोट्टी तुझ्याकडं येऊन गेली का?”

काकूंचा प्रश्न आधी येतो, काकू मागून येतात. आमच्या दोन क्वार्टरांच्या मध्ये मेंदीचं कुंपण आहे आणि कुंपणात एक भगदाड. तीसेक वर्षांपूर्वी काकूंच्या बाडीत, म्हणजे परसात, गेलेला चेंडू आणायला माझ्या पोरांनी ते पाडलं. त्यातला एक आता पुण्यात, दुसरा बंगळुरूत. भगदाड बुजवायचं कोणाच्या मनात आलं नाही. हल्ली त्यातून भाजीच्या वाट्या जातात-येतात.

टॅबवाली म्हणजे मेडिकल कॉलेजची मुलगी, वस्तीच्या सर्व्हेसाठी आलेली. घरात किती माणसं, साठीच्या वरची किती, बीपी-शुगर कोणाला, आजारी पडलं तर कुठं जाता, कूलरचं पाणी कितव्या दिवशी बदलता. मी दहा मिनिटांत मोकळी झाले. काकूंकडं ती पाऊण तास बसली होती. चुगली म्हणून नाही सांगत, पण मी तुळशीला पाणी घालता घालता सगळं ऐकलं, आणि तुळस त्या दिवशी बुडाली.

“एवढी डॉक्टरीण होऊन राह्यली अन् आंगात रक्त नाही,” काकू म्हणाल्या. “मी म्हणलं, डोळ्याची खालची पापणी ओढ जरा. पांढरी फटक! सकाळपासून काय खाल्लं, तर म्हणे बिस्कुट. मंग मुनग्याचा पाला दिला बांधून.”

“आणि तिचे प्रश्न?”

“ते विचारत होती नं. घरात कोण कोण म्हणून. म्हणलं, मी एकटी. मंग बाकीची स्ट्रीट सांगितली तिले.”

सांगितलीच असणार. कोपऱ्यावरच्या बंगाली दादांचा पेसमेकर, मल्याळी अम्माचे दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू, सरदारजींचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, ओडिया मास्तरांचे गुडघे. छत्तीसगडातल्या आमच्या भिलाईला लोक मिनी इंडिया म्हणतात ते काही खोटं नाही. फक्त या इंडियातली सगळी राज्यं आता एकाच केमिस्टच्या रांगेत उभी असतात.

“पण खरं सांगू?” काकूंनी वाटी भगदाडातून पुढं केली, वाळकाची कोशिंबीर होती. “या पोट्टीले एवढे प्रश्न कायले पायजेत? दोऱ्या पाहाव्या.”

“कसल्या दोऱ्या?”

“कपडे वाळवायच्या. मी 61 साली आली, एकोणीस वर्षांची. भट्टी पेटून दोनच वर्षं झाली होती. या स्ट्रीटीत एक म्हातारं माणूस नव्हतं, सांगते. सगळे नवरे पंचवीसचे, सगळ्या बायका विशीतल्या. म्हातारं पाहायचं असलं तर गाडीत बसून नागपूरले जावं लागे. अन् दोऱ्यांवर काय, तर लंगोटच लंगोट! तमिळ लंगोट, पंजाबी लंगोट, आपले लंगोट. बाळंतिणीले काय खाऊ घालावं यावर पाच भाषांत भांडणं. मंग आले शाळेचे युनिफॉर्म. मंग पोट्ट्यांच्या जीन्स. अन् आता पाहाय.”

मी पाहिलं. दोरीवर दोन नायट्या, एक लुंगी, गुडघ्याचा एक पट्टा. लुंगी बंगाली दादांची, त्यांच्या अंगणात ऊन येत नाही म्हणून.

काकू म्हणतात त्यात एक गोम आहे, ती मला इथं चाळीस वर्षं काढल्यावर कळली. गावं हळूहळू भरतात. आजा असतो, बाप असतो, पाळण्यात नातू असतो. आमची टाउनशिप भरतीच्या यादीवरून एका घोटात भरली. 1955 साली पोलादाच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि देशभरातून पोरं आली, सगळी एका वयाची. मग ती एकदमच बाप झाली, एकदमच रिटायर झाली. प्लांटात एकेकाळी साठ हजारांच्या घरात माणूस होता, आज पगारी कामगार त्याच्या चौथाईच्या आसपास. बाकीचं काम ठेकेदाराच्या माणसांवर चालतं, आणि त्यांना क्वार्टर नसते. म्हणून आमच्या चौदा घरांच्या स्ट्रीटीत पंधराच्या आतली पोरं दोन, तीही एकाच घरात.

“बंगाली दादा कुठं दिसत नाहीत दोन दिवस?” मी विचारलं.

“सेक्टर नऊले गेले.”

माझ्या पोटात गोळा आला. काकूंना ते हवंच होतं.

“हनुमान मंदिरात वं! मंगळवार नाही का आज?”

हा विनोद भिलाईच्या बाहेर कोणाला समजणार नाही. सेक्टर नऊमध्ये जवाहरलाल नेहरू हॉस्पिटल आहे आणि हनुमानाचं देऊळही. ‘सेक्टर नऊला नेलं’ म्हटलं तर हॉस्पिटल, ‘सेक्टर नऊला गेले’ म्हटलं तर दोन्हींतलं काहीही. कित्येक घरांत एकाच फेरीत दोन्ही उरकतं, आधी डॉक्टर, मग मारुती. कोणाचा क्रम उलटा.

त्या हॉस्पिटलचं नाव झालं ते जळितांच्या वॉर्डामुळं. पोलादाच्या गावात ते यायचंच. वितळलेलं लोखंड, वाफ, गॅस, यातलं काही ना काही दर पाळीला माणसाच्या हातभर अंतरावर असतं. 9 ऑक्टोबर 2018 ला कोक ओव्हनच्या गॅसच्या पाइपलाइनमध्ये स्फोट होऊन आग लागली, तेव्हा भिलाईत कोणी टीव्ही लावून बसलं नाही. लोक फाटकात येऊन उभे राहिले आणि एकमेकांना एकच विचारत होते, “तुमचं कोण आहे आज पाळीत?” काकूंचे ‘हे’ तेव्हा नव्हते. तरी काकू उभ्या होत्या. सवयीनं आले, म्हणाल्या.

“दवाखाना आपला चांगलाच,” काकू म्हणाल्या, “पण तो जवान माणसासाठी बांधला. भाजलं, मोडलं, बाळंतपण आलं, की न्या. आता आपल्याले काय होते? काहीच नाही होत, नुसतं दुखते. त्याले वॉर्ड कोणता?”

तेवढ्यात आमची बाई सायकल टेकवून आत आली, खुर्सीपारहून. दोन्ही घरची भांडी तीच घासते.

“मोर बहू के लइका होगे, दाई!”

झालं, गप्पांना नवीन फांदी फुटली. नातू झाला होता, सुपेल्याच्या लाल बहादूर शास्त्री सरकारी दवाखान्यात, रात्री अडीचला. मितानीननं 102 ला फोन केला, महतारी एक्सप्रेस आली. महतारी म्हणजे आई, आणि मितानीन म्हणजे मैत्रीण. छत्तीसगडात दोन बाया विधी करून जन्माच्या मैत्रिणी होतात, सख्ख्या नात्यापेक्षा ते नातं मोठं. हेच नाव सरकारनं 2002 साली वस्तीवस्तीतल्या आरोग्याच्या बायांना दिलं. देशात आशाताई आल्या त्या नंतर, 2005 च्या आरोग्य मिशनात. आपल्याकडं मोठ्या पदव्यांची हौस फार, पण इतकं नेमकं नाव मी दुसऱ्या कुठल्या सरकारी योजनेचं ऐकलं नाही.

“आपल्या स्ट्रीटीले मितानीन काहून नाही?” काकूंनी मला विचारलं.

“आपण क्वार्टरवाले ना काकू. आपल्याकडं प्लांटच्या हॉस्पिटलचं मेडिकल बुक आहे.”

“बुक रात्री अडीचले फोन करते का?”

मी बाईला चहा ठेवला. तिच्या गल्लीतल्या दोऱ्या काकूंच्या 61 सालच्या दोऱ्यांसारख्या आहेत, झबली आणि टोपडी. पण डास तिथं आधी पोचतो. 2018 च्या पावसाळ्यात डेंग्यू आला तो खुर्सीपार, छावणी, कॅम्पच्या बाजूला पेटला आणि बरीच माणसं घेऊन गेला, त्यात लहान मुलं होती. एडिस डासाला घाण लागत नाही, स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं. नळ थोडा वेळ येतो त्या घरी ड्रम भरून ठेवावाच लागतो. आमच्या टाकीला झाकण, तिच्या ड्रमला फळकुट. उन्हाळा संपून कूलर बंद केला आणि पाणी तसंच राहिलं की आठ-दहा दिवसांत डासाची एक पिढी तयार. त्या वर्षी बाईच्या शेजारची एक पोर गेली. त्यावर ती कधी बोलत नाही. आमचा कूलर मात्र ती दर शनिवारी स्वतः उपसते, सांगावं लागत नाही.

“आमचे भासरे दल्लीले होते,” काकूंनी मध्येच विषय काढला. दल्ली राजहरा म्हणजे भिलाईला लोहखनिज देणाऱ्या खाणी. “तिथल्या मजुरांनी वर्गणी करून दवाखाना उभा केला, माहीत आहे? शहीद हॉस्पिटल. नियोगीच्या युनियननं.”

“1983 साली.”

“साल तुले माहीत, मले विटा माहीत. दिवसभर खाणीत खपायचे अन् वरून तिथं राबायचे. आपल्याले दवाखाना भेटला. त्याइनं बांधला.”

त्या मजुरांचे पुढारी शंकर गुहा नियोगी यांना 1991 च्या सप्टेंबरात इथंच, भिलाईत, झोपेत गोळी घातली. काकू तेवढं बोलून गप्प बसल्या, आणि काकू गप्प बसणं ही बातमी असते.

मग मीच गोंदियाच्या भाचीचं काढलं. पत्रिका जुळली, बत्तीस गुण, दोन्हीकडची मंडळी खूश. पण मुलीनंच हट्ट धरला की आधी सिकलसेलची तपासणी. विदर्भाच्या पूर्वेला आणि छत्तीसगडात हा आजार कितीतरी घरांत वाहतो, नुसत्या वाहकाला कळतही नाही. दोघंही वाहक निघाले, तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता की मूल आजारी होईल. मुलाकडचे आधी फुगले, मग गेले तपासायला.

“निघालं काय?”

“मुलगा वाहक, ही नाही. लग्न ठरलं.”

“बत्तीस गुणांत रक्ताचा गुण नसते,” काकू म्हणाल्या. त्यांच्या लग्नात गुण पाहिलेच नव्हते, मुलाला प्लांटात नोकरी आहे एवढं पाहिलं होतं.

काकूंना सत्तरीच्या वरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचं आहे. 2024 च्या ऑक्टोबरात निघालं ते, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंत इलाज. त्यासाठी गेल्या तर मशीनवर अंगठा उमटेना. साठ वर्षं भांडी, चूल, बाडी. रेघा राहिल्यात कुठं? शेवटी चेहऱ्याचा फोटो घेऊन होईल म्हणाले, उद्या परत बोलावलंय.

“पण ते टॅबवाली पोट्टी एक बोलली नं,” काकू जरा कुंपणाकडं सरकल्या. “तिले विचारलं, भिलाईत माणसं किती? तर म्हणे सव्वासहा लाख, दुर्ग धरून साडेदहाच्या वर, पण ते 2011 चं. त्यानंतर मोजलंच नाही म्हणे?”

“नाही ना. 2021 ची राहून गेली. आता 2027 मध्ये.”

“मंग 2011 मध्ये हे होते नं.”

“काका होते. मोजायला आलेल्या मास्तरांना त्यांनी चहा पाजला होता, मला आठवतं.”

“म्हणजे सरकारच्या कागदावर आमच्या घरी अजून दोन माणसं.”

मी हो म्हटलं.

काकूंनी दोरीवरची लुंगी चाचपली, वाळली होती. घडी घालून खांद्यावर टाकली.

“मंग होऊ दे उशीर,” म्हणाल्या. “अन् ते वाटी दे वापस, बंगाली दादाले द्याची आहे.”