ठिपक्यांचा भाव

चित्रसंग्राहकांच्या दूरदृष्टीला तोड नाही. ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या वस्तीत १९७१ साली आदिवासी चित्रकारांनी पारंपरिक आकृत्या फळ्यांवर उतरवायला सुरुवात केली. पुढे ठिपके आले, मग गिऱ्हाईक. तिथलेच चित्रकार क्लिफर्ड पॉसम यांचं ‘वार्लुगुलाँग’ हे चित्र १९७७मध्ये १,२०० डॉलरना गेलं, २००७मध्ये २४ लाखांना.

ही वार्ता धामणगाव बढे येथे तातडीने पोचवायला हवी. इथल्या बायका सकाळी सडा घालून ठिपक्यांची रांगोळी काढतात आणि दूधवाल्याच्या फटफटीखाली फुकट घालवतात! तरी संग्राहकांनी ती शेणाच्या पोपड्यासकट अलगद उचलावी, काचेत बसवावी, मागे ‘अस्सल, सतरा ठिपके सतरा ओळी’ असं प्रमाणपत्र डकवावं. काढणारीचं नाव? ‘अनामिक, विदर्भ’ पुरे; नाव कळलं की हिस्सा मागतात. खरवडलेलं अंगण मात्र तिनेच पुन्हा सारवावं, परंपरा टिकली पाहिजे.

चित्र पुन्हा विकलं गेलं की चित्रकाराला पाच टक्के, असा कायदा ऑस्ट्रेलियाने २०१०मध्ये लागू केला. आपण असली घाई करू नये. पॉसम यांनीच कुठे धीर धरला? ते २००२मध्येच वारले.