मीटर तपासला, पण कशावर?

स्मार्ट मीटर बसला आणि लाईटबिल फुगलं, ही तक्रार घेऊन माणूस वीज कार्यालयात गेला की ठरलेलं उत्तर मिळतं: मीटर तपासूनच बसवलाय. असेलही. पण तपासला कशावर?

नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात फ्रँक लेफेरिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर घेतले आणि त्यांना घरात असतात तेच दिवे जोडले: सीएफएल, एलईडी, सोबत डिमर. निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. पाच मीटर भरमसाट पळाले; सर्वांत वाईट नोंद प्रत्यक्ष वापरापेक्षा 582 टक्के जास्त. दोन मीटर सुमारे 30 टक्के कमी पडले. इस्त्री किंवा हीटर वीज संथ लाटेत ओढतो. डिमरवरचा एलईडी ती झटक्याझटक्यानं ओढतो. जास्त पळालेल्या मीटरांत प्रवाह मोजायला रोगोव्स्की कॉइल होती, आणि ती प्रवाह किती वेगानं बदलतो ते टिपते. झटका तीव्र, की हिशेब बिघडला. तेव्हाच्या नियमांतल्या चाचण्यांत असा भार धरलेलाच नव्हता.

आपल्या मीटरांत हाच दोष आहे, असा माझा आरोप नाही. मागणी आहे. हजार वॅटचा हीटर तासभर चालवला, एक युनिट पडलं, मीटर ओके, ही तपासणी अपुरी आहे. घराघरात आज इन्व्हर्टर एसी, एलईडी, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहेत, काहींच्या गच्चीवर सोलर आहे. याच भारावर मीटर तपासा आणि मॉडेलनिहाय निकाल जाहीर करा. पैसे ग्राहक मोजतो, निकाल पाहण्याचा हक्कही त्याचाच.

वीज ग्राहक हक्क नियमांत केंद्रानं 2024 मध्ये चांगली दुरुस्ती केली: रीडिंगबद्दल तक्रार आली की पाच दिवसांत जोडीला दुसरा मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने खप पडताळायचा. मात्र तो दुसरा मीटरही त्याच मॉडेलचा असला, तर दोघं मिळून एकच चूक करतील, आकडे जुळतील आणि तक्रार निकाली निघेल. पडताळणीचा मीटर वेगळ्या तंत्राचाच हवा, हे नियमात लिहा.

तोवर बिलाबद्दल शंका असेल तर तोंडी भांडत बसू नका. लेखी अर्ज द्या, त्यात चेक मीटरची मागणी स्पष्ट लिहा, दोन्ही मीटरांचे मॉडेल क्रमांक टिपून ठेवा आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.